होळीच्या आधी वाडीतली कोणती कामं उरकायची? (विदर्भातल्या घरच्या बागेसाठी धागा)

मोगरा_समुद्रपूर | १९ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दरवर्षी एप्रिलात इथे एकच प्रश्न येतो: "वेल सुकत चालले, काय करू?" एप्रिलात त्याला फारसं उत्तर नसतं. म्हणून हा धागा आत्ताच काढते आहे.

पुण्या-नाशिककडच्या बागांचे व्हिडिओ पाहून आपली फेब्रुवारी-मार्चची कामं ठरवू नयेत, हे माझं ठाम मत. आपल्याकडे महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की होळीपर्यंतच काय ती सवड, पाडव्याला तर ऊन चटके द्यायला लागतं. मे महिन्यात वर्धा, अकोला, चंद्रपूर ४५ अंशांच्या पुढे जातात. त्यामुळे या दिवसांत नवं काय लावू याची हौस थोडी आवरावी. जे लावलं आहे त्याची मुळं खोल गेली का, माती झाकली का, डोक्यावर सावली आली का, या तीन गोष्टी होळीच्या आत झाल्या तर बाग मृगापर्यंत टिकते.

वेलांचं बी अजून टोबलं नसेल तर याच आठवड्यात टोबा. लवकी (दुधी), दोडकं, काकडी, ढेमसं, कारलं. कारल्याचं कवच टणक असतं, ते दिवस-रात्र कोमट पाण्यात भिजवून मग ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं, मोड दिसला की लावायचं. भेंडी रात्रभर भिजवली तरी पुरे. एका आळ्यात तीन-चार बिया, नंतर दोन जोमदार रोपं ठेवून बाकीची कापून टाकायची. उपटली तर शेजारच्या रोपाचं मूळ हलतं.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. मूठभर हातात घेऊन चुरा: काळसर, भुसभुशीत, वास मातीचा. आत शेणाचे गोळे निघाले, हाताला गरम लागलं तर ते उन्हाळ्यात मुळाशी घालू नका. एक तर ते मुळं भाजतं, दुसरं म्हणजे तसल्या खतातूनच हुमणी येते. खत पसरताना पांढरी, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली की वेचून कोंबड्यांपुढे टाकायची.

आणि माती उघडी ठेवू नका. सोयाबीनचं, हरभऱ्याचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) गावात सध्या कुणाकडेही मिळतं. वीतभर थर द्या, खोडापासून चार बोटं सोडून. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते, आणि भेग पडताना बारीक मुळं तुटतात. कुटाराखाली ओल राहिली की भेग पडत नाही.

तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. तालुका किंवा भाग लिहिलात तर बरं, कारण जमीन आणि पाणी गावागणिक बदलतं.

---

नवी_बाग | १९ फेब्रुवारी, रात्री १०.२५

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. बदली होऊन राजुरा तालुक्यात आलोय, भाड्याच्या घरामागे बरीच मोकळी जागा आहे. शेजारच्या काकांनी पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) घेऊन जा म्हटलंय. त्यांचा मांडव करून वर लवकी-दोडकं चढवायचं आणि खाली भेंडी लावायची, असा विचार आहे. टमाटरची रोपंही आणली आहेत. चालेल ना?

---

पऱ्हाटी | २० फेब्रुवारी, सकाळी ६.५०

भाऊ, मांडवाले पऱ्हाट्या वापरू नका, तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) वापरा. पऱ्हाटीवर न फुटलेली बोंडं राह्यतात, तेच्यात गुलाबी बोंडअळी सुप्त पडून राह्यते. पाणी आलं का तेच्यातून पतंग निंगते अन् सिद्धं कपाशीच्या वावरात जाते. आमच्या यवतमाळात २०१७ साली बोंडअळीनं कास्तकाराचं काय केलं थे आम्ही डोळ्यानं पाह्यलं. तवापासून कृषी विभागही दरसाली सांगते का पऱ्हाट्या घरापाशी नाही तं धुऱ्यावर रचून ठेवू नका. अन् तुमी तं तेच्याखालीच भेंडी लावून राह्यले. भेंडी कपाशीच्याच कुळातली हाय. बोंडअळीले थे चालते, पांढऱ्या माशीले चालते, तुडतुड्याले चालते.

काकाचं मन मोडू नका, पण पऱ्हाट्या नाही म्हणा. तुराट्या अन् बांबू कोनीबी देते.

---

नवी_बाग | २० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद भाऊ. तुराट्याच आणतो.

---

मोगरा_समुद्रपूर | २० फेब्रुवारी, दुपारी १.०५

पऱ्हाटी भाऊंनी लाखमोलाचं सांगितलं. भेंडीला जोडून एक: पानाच्या शिरा पिवळ्या पडून हळूहळू सगळं पान पिवळं होतं तो केवडा. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि झालेल्या झाडावर औषध नाही. झाड उपटून जाळायचं किंवा खोल पुरायचं. बी घेताना 'परभणी क्रांती'सारखं केवड्याला दाद न देणारं वाण मागा.

टमाटरबद्दल नवी_बाग यांनी मनाची तयारी ठेवावी. दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं की टमाटरचे परागकण निकामी होतात, फूल येतं आणि देठातून गळतं. लोक तेव्हा खत वाढवतात, टॉनिक मारतात. त्यात झाडाचा काही दोष नसतो आणि खताचाही नसतो. आत्ता फुलावर असलेली रोपं असतील तर ठेवा, मार्चअखेरपर्यंत तोडा होईल. बोटभर रोपं आणली असतील तर त्या जागी पोकळा, चवळी, गवार लावा. उन्हाळा या तिघांच्या बापाचा.

---

बोडीकाठ | २० फेब्रुवारी, रात्री ८.३०

गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगावकडून. आमच्याकडे कुटार कमी, धानाची तणस (पेंढा) भरपूर. तणस पसरताना एक काळजी घेतो: झोडपताना राहिलेले दाणे आधी झटकून घ्यायचे, नाहीतर चार पाण्यांत वाफ्यात धान उगवून येतो आणि उंदीरही येतात. आणि वाळवी. तणस कोरडी पडली की खालून वाळवी लागते. दर पंधरा दिवसांनी थर उचलून पाहतो, वारुळाची माती दिसली की तेवढा भाग उन्हात पसरतो. ओलसर राहणाऱ्या थराला वाळवी कमी लागते.

आमच्याकडे जमीन ताईंच्यासारखी काळी नाही, हलकी आहे. भेगांचा त्रास नाही, पण पाणी धरत नाही. म्हणून बोडी (लहान तळं) आटली की तळातला गाळ वाडीत आणतो. दोन-तीन टोपली एका आळ्याला. काळ्या जमिनीत मात्र गाळ घालू नये, ती आधीच चिकट असते.

---

खारपाण | २१ फेब्रुवारी, दुपारी २.२०

दर्यापूर. इथले सगळे सल्ले वाचताना आम्हाला आधी पाणी पाहावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा पट्टा, अकोला-अमरावती-बुलडाण्याचा, खारपाणपट्टा म्हणूनच ओळखला जातो. बोअरचं पाणी दिलं की आठवड्यात मातीवर पांढरी खपली येते. काळ्या मातीत ते पाणी नुसतं मुरत नाही, मातीच घट्ट होऊन जाते.

थोडं थोडं रोज पाणी देण्याची सवय आमच्याकडे बागेला मारते. पाणी वरच्या वर उडून जातं, मीठ मागे राहतं. त्यापेक्षा दिवस सोडून, पण पोटभर द्यायचं, म्हणजे मीठ मुळाच्या खाली जातं. जमिनीत निचरा नसेल तर तेही जमत नाही, म्हणून मी भाजीपाला बराचसा मोठ्या कुंड्यांत, फुटक्या टाक्यांत, तळाला भोकं पाडून लावतो. पाणी खालून वाहेपर्यंत द्यायचं. पालक, बीट बऱ्यापैकी तग धरतात. फरसबी आणि लिंबू लावायच्या भानगडीत पडू नये. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलं असेल तर ते रोपं तयार करायला राखून ठेवावं, कारण कोवळं रोप खाऱ्या पाण्याने पहिलं जातं.

जिप्समबद्दल (अशी घट्ट झालेली जमीन सुधारायला टाकतात ते) विचारणारे येतील. माती तपासून घ्या, अहवालात सामू (pH) आणि सोडियम बघून किती टाकायचं ते ठरतं. शेजाऱ्याने टाकलं म्हणून टाकू नये.

---

काकू_पुसद | २१ फेब्रुवारी, रात्री ९.१०

मी मडक्याचं सांगते. जुना माठ, जो आता पाणी गार करत नाही पण फुटलेला नाही, तो गळ्यापर्यंत वाफ्यात पुरायचा आणि भोवती चार वेल लावायचे. तोंडावर झाकणी. माठ झिरपत राहतो, मुळं त्याच्याकडे सरकतात. नळ दोन दिवसांआड आला तरी वेलाला कळत नाही. रंग दिलेला, चकाकीचा माठ घेऊ नका, तो झिरपत नाही.

---

खारपाण | २१ फेब्रुवारी, रात्री ९.३५

काकू, गोड्या पाण्याला हा उपाय उत्तमच. आमच्याकडे माठाची छिद्रं क्षारांनी एका उन्हाळ्यात बंद होतात. खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी माठात पावसाचं साठवलेलं पाणी असेल तरच हे करावं.

---

काकू_पुसद | २१ फेब्रुवारी, रात्री ९.५०

हो बाबा, पाणी गोडच हवं. बरं झालं लिहिलंस.

---

आंबिया | २३ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

वरुड. घरासमोर दोन-चार संत्र्याची, लिंबाची झाडं असणारे इथे पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी लिहितो. आंबिया बहाराची (हिवाळा सरताना येणारी) फुलं आता फळात बदलत आहेत, हरभऱ्याएवढी गुंडी दिसते आहे. या अवस्थेत पाण्याचा खंड पडला की गुंडी गळते. पण पाणी खोडाशी देऊ नका. संत्र्याला डिंक्या (बुंध्यातून डिंक वाहण्याचा रोग) येतो तो बुंध्याशी पाणी साचून. दोन आळी करा: खोडाभोवती फूटभराचं आतलं आळं, त्याला मातीची वरंबी, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. बाहेरचं आळं झाडाच्या घेराच्या कडेला, पाणी तिथे. पाणी शोषणारी बारीक मुळं तिकडेच असतात.

बुंध्याला बोर्डो मलम लावायचं असेल तर घरच्यापुरतं प्रमाण: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विरवून गाळून, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नाही. तयार झाल्यावर इळ्याचं स्वच्छ पातं बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून चुन्याची निवळी घाला. थर चढला नाही की मलम तयार. त्याच दिवशी वापरून टाका. जमिनीपासून कमरेपर्यंत लावा.

डिंक आधीच वाहत असेल तर तेवढी साल धारदार चाकूने हिरव्या भागापर्यंत खरवडून मग लावा. खरवडलेली साल झाडाखाली टाकू नका.

---

नवी_बाग | २३ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

आंबिया दादा, अंगणात आंब्याचं मोठं झाड आहे, मोहोर छान आलाय. त्यालाही आत्ता पाणी सुरू करू का?

---

आंबिया | २३ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

नाही. मोहोर फुललेला असताना पाणी दिलं तर झाड पालवीवर जातं. फळ वाटाण्याएवढं झालं की मग सुरू करा, पंधरा दिवसांनी एकदा पण भरपूर. मोहोरावर पांढरी बुकटी दिसली तर ती भुरी, त्याला पाण्यात विरघळणारं गंधक १० लिटरला २० ग्रॅम. पण मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारू नका, माश्या तेव्हाच कामावर असतात. आणि झाडाखाली काकडी-ढेमश्याचे वेल असतील तर ते झाका. वेलांना उन्हात गंधक सोसत नाही, पानं करपतात.

---

मोगरा_समुद्रपूर | ३ मार्च, रात्री ८.१५

थोडं फुलझाडांचंही. मोगऱ्याची छाटणी ज्यांची राहिली असेल त्यांनी आता उशीर करू नये. पाणी आठवडाभर तोडून, जुन्या वाळक्या काड्या काढून, बाकीच्या फांद्या अर्ध्यावर छाटायच्या, पानं ओरबाडून टाकायची. मग मुळाशी घमेलंभर खत आणि पोटभर पाणी. पाडव्यानंतर नव्या फुटीला कळ्या लागतात. गुलाबाला मात्र आता कात्री लावू नका, कोवळी फूट उन्हाने जळते. फक्त सुकलेली फुलं काढा.

गोडलिंबाची (कढीपत्त्याची) पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, अशी तक्रार आपल्या चुनखडीच्या जमिनीत नेहमीची. जमिनीत लोह असतं, झाडाला ते उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारायचं. पंधरवड्याने परत एकदा. नवी पालवी हिरवी येते, जुनी पिवळी पानं तशीच राहतात.

मेथी, सांबार (कोथिंबीर), पालक तुऱ्यावर आले असतील तर सगळे उपटू नका. चांगली दोन-चार झाडं बियांसाठी ठेवा. सांबाराची फुलं मधमाश्यांना फार आवडतात, आणि त्या आल्या की शेजारच्या काकडीचंही काम होतं.

---

चिखली_वाडी | ९ मार्च, सकाळी १०.००

चिखली, बुलडाणा. लवकीला फळ धरतं, बोटाएवढं होतं, पिवळं पडून गळतं. रोज सकाळी दहा वाजता नर फूल तोडून मादी फुलावर फिरवते आहे, तरी गळतंच. काय करू?

---

काकू_पुसद | ९ मार्च, दुपारी १.३०

वेळ बदल गं. लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, सकाळी दहापर्यंत ते मिटायला लागलेलं असतं. दोडक्याचंही तसंच, तेही संध्याकाळचं. कोहळं, कारलं, काकडी ही सकाळची, ती उजाडल्यावर लगेच करायची. लवकीचं दिवेलागणीला कर: आजच उमललेलं नर फूल तोड, पाकळ्या मागे दुमड, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकव. मादी फुलाच्या मागे लहानशी लवकी असते, ते तुला माहीत आहेच.

आणि युरिया घातला असशील तर थांबव. नत्र जास्त झालं, ऊन वाढलं की वेल नर फुलंच काढत बसतो.

---

पऱ्हाटी | ९ मार्च, रात्री ८.००

ताई, गळलेलं फळ कापून पाहा एकदा. आत बारक्या पांढऱ्या अळ्या असल्या तं थे परागीकरणाचं काम नोहे, फळमाशी हाय. फळ एका बाजूनं वाकडं होते, डंख मारल्याजागी डिंकाचा थेंब दिसते. तशी फळं झाडाखाली सडू द्यायची नाहीत. प्लास्टिकच्या थैलीत बांधून उन्हात ठेवा, अळ्या तेच्यातच मरतात. मंग क्यू ल्यूरचा (नर फळमाशीले ओढणाऱ्या वासाचा) सापळा टांगा मांडवाले, कृषी केंद्रात भेटते.

लाल भुंगेरे दोन पानाच्या रोपाले चाळणी करतात. थे पहाटे सुस्त असतात, तवा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. चुलीची राख दवावर भुरभुरली तं दिवसभर येत नाहीत.

---

चिखली_वाडी | १२ मार्च, रात्री ९.००

कापून पाहिलं, अळ्या नाहीत. संध्याकाळी परागीकरण सुरू केलंय. तीनपैकी दोन फळं धरून आहेत आणि देठ हिरवा आहे. काकू, तुमचे खूप आभार!

---

बोडीकाठ | २० मार्च, सकाळी ७.३०

काल रात्री वादळ आणि गारा. मांडव शाबूत, पण दोडक्याची पानं चिंध्या झाली आहेत, भेंडीचे शेंडे तुटले. कुणी अनुभवी सांगेल का, उपटावं की ठेवावं?

---

आंबिया | २० मार्च, सकाळी ९.१५

उपटू नका. खोड उभं आणि मुळं जाग्यावर असतील तर आठ-दहा दिवस द्या. तुटलेले शेंडे, लोंबणारी पानं कात्रीने साफ कापा, ओढून तोडू नका. जखमांतून बुरशी शिरते, म्हणून आजच, ऊन उतरल्यावर, कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम फवारा. तोडायला आलेल्या भेंड्या आधी तोडून घ्या, म्हणजे फवारलेलं पोटात जायचं नाही. खत लगेच देऊ नका. पाणी साचलं असेल तर वाट काढून द्या. नवी फूट दिसली की मग हलकं खत.

---

बोडीकाठ | २० मार्च, सकाळी ९.४०

बरं वाटलं वाचून. लागतो कामाला.

---

नवी_बाग | २ एप्रिल, दुपारी ४.००

तुराट्यांचा मांडव झाला, लवकी अर्ध्यावर चढली आहे. वाफा पूर्वेकडच्या भिंतीलगत आहे, सकाळी भिंतीची सावली मिळते, दुपारी काहीच नाही. हिरवी नेट पश्चिमेला उभी बांधू का वर आडवी?

---

मोगरा_समुद्रपूर | २ एप्रिल, रात्री ९.२०

दोन्हीकडे, पण एकच जमत असेल तर वर. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो. नागपूरला २६ मेच्या सुमाराला शून्य सावलीचा दिवस येतो, तुमच्याकडे त्याआधी काही दिवस. तेव्हा भर दुपारी भिंतीचा उपयोग शून्य. नेट ५० टक्क्यांची पुरते, त्याहून दाट घेतली तर भेंडीला फूल कमी येतं. झाडाच्या शेंड्यापासून दोन हात उंच बांधा, टेकली तर पान भाजतं. लवकीचा वेल मांडव भरून गेला की त्याच्याखाली नेटची गरज उरणार नाही, तिथे सांबार टाका. धने रगडून दोन फाका करून, रात्रभर भिजवून.

पश्चिमेची बाजू गरम वाऱ्यासाठी झाकायची. तिथे जुनी गोणपाटं लटकवून संध्याकाळी ओली केली तरी भागतं. प्लास्टिकच्या पाइपात दुपारी उभं राहिलेलं पाणी झाडाला देऊ नका, पहिलं गरम पाणी बादलीत काढून घ्या.

---

नवी_बाग | ३ एप्रिल, सकाळी ६.४०

शून्य सावलीचं आमच्या शाळेतल्या मुलांनाही दाखवतो आता. आणखी एक, इथे वानरांचा कळप रोज येतो. काय लावलं तर ते हात लावत नाहीत?

---

काकू_पुसद | ३ एप्रिल, सकाळी १०.१०

आमच्या वाडीत हळद, धोपा (अळू), कारलं, मिरची यांना त्यांनी आजवर सोडलं आहे. काकडी, भेंडी, पपई राहत नाही. काकडीला जुन्या मच्छरदाणीने वेढा घालावा लागतो. हळद यंदा लावणार असशील तर बेणं आत्ताच सांगून ठेव. समुद्रपूरकडच्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ताईंनाच विचार. अक्षय तृतीयेपासून पाऊस लागेपर्यंत कधीही लावता येते. तोवर बेणं सावलीत पसरून कडुलिंबाच्या पाल्याखाली ठेवायचं.

---

मोगरा_समुद्रपूर | ३ एप्रिल, दुपारी १२.३०

बेणं आहे माझ्याकडे, डोळे फुगलेलं, निरोगी. नवी_बाग, किती हवं ते व्यक्तिगत निरोपात कळवा. मे महिन्यात वर्ध्याला कुणी येणार असेल तर त्यांच्या हाती पाठवते. चिखली_वाडी, तुम्हालाही हवं असेल तर सांगा.